निअँडरथालचे मामा

निअँडरथालशी हस्तांदोलन करायचा आगाऊपणा मी केला आणि त्याचा हात कोपरापासून निखळून माझ्या हातात आला. संग्रहालयात पाट्या लिहिण्याच्या नोकरीत मी शब्दांची मोडतोड बरीच केली होती; माणसाची ही पहिलीच.

मानव दालनाच्या रखवालदारांना सगळे मामा म्हणत. चोवीस वर्षं ते त्या आदिमानवाच्या पुतळ्याशेजारच्या खुर्चीवर बसत. आल्या आल्या त्याच्या नाकपुड्यांतली कोळिष्टकं काढायची, मग दाढी विंचरायची. "हा माणूस आहे का हो?" असं एखाद्या पोरीने विचारलं की म्हणायचे, "मग काय तर. तुझ्यासारखाच. फक्त वेणी घालून द्यायला कुणी नव्हतं बिचाऱ्याला." घरी मामी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, वाचाही गेलेली. मामांचं तोंड उघडायचं ते इथेच.

तुटका हात पाहून ते एवढंच म्हणाले, "ठेवा खाली. चिकटवू."

पण साहेबांच्या कानावर गेलंच. पुतळा काचेत ठेवायचं ठरलं आणि रिकामं कपाट निघालं ते नेमकं प्राण्यांच्या दालनात. तो माणसांत मोडतो का, यावर मीटिंग भरली. एक तज्ज्ञ म्हणाले, कवटी वेगळी, कानातली हाडं वेगळी, म्हणजे प्रजातीच वेगळी. दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांची-आपली मुलं झाली, त्या मुलांना मुलं झाली, त्यांचा अंश आजही आपल्यात आहे; मग तो परका कसा? दोघांचाही चहा निवला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"कपाट तिकडे आहे ना? मग वेगळी."

मानव दालनात आता हात लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा रखवालदारही नको. प्राण्यांवर कॅमेरा होताच. मी साहेबांकडे जाऊन चुकीची लेखी कबुली दिली. "फाईलला लावलीय," ते म्हणाले. निवृत्तीला चार वर्षं असताना मामांच्या हातात घरी बसायचा कागद पडला. 'मानवाहून वेगळी प्रजाती' ही पाटी लिहिली मीच, तीही सुवाच्य अक्षरात.

शेवटच्या दिवशी मामा खुर्चीवरच बसून होते. समोर फरशीवर पुतळ्याच्या पायांच्या दोन फिकट खुणा. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं त्याला पाहिलंत. तो आपल्यातलाच होता का, तुम्हाला काय वाटतं?"

डब्याची पिशवी उचलत ते म्हणाले, "हे मीटिंगच्या आधी विचारायचं होतं."