गच्चीवरचं वाळूचं पिंप

गेल्या जानेवारीत, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, अणुऊर्जेचा पराभव व्हायचं ठरलं होतं.

अणुऊर्जेच्या बाजूने माझा थोरला भाऊ. दादाची सगळी नोकरी अणुवीज केंद्रात गेली. सूर्याच्या बाजूने मी, शाळेत मुलींना विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दर दिवाळीला फराळाबरोबर आमचं भांडण ठरलेलं. "सुमे, तुझा सूर्य संध्याकाळी ड्यूटी संपवून घरी जातो. पुढे काय, कंदील?" असं तो विचारायचा आणि वहिनीसकट सगळे हसायचे. लहानपणापासून दादा माझ्यापुढे एकदाही हरला नव्हता. 'सुमे, तुझं बरोबर आहे' एवढं वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं, ही माझी शेवटची इच्छा होती. (काशीला नंतरही जाता येतं.)

म्हणून मी सूर्याची उष्णताच साठवायचं ठरवलं. दालबाजारातून तेलाचं रिकामं पिंप आणलं, गच्चीवरच्या खोलीत उभं केलं, कोरड्या वाळूने भरलं. वाळूत हीटरची कॉइल आणि तांब्याची नळी पुरली. दिवसा सौर पॅनेलवर वाळू तापायची. नळीतून पाणी सोडलं की खाली न्हाणीघरात कढत. मी दादाला फोनवर सांगून टाकलं, "संक्रांतीला या. धुकं असो नाहीतर काही असो, तुझी तिळाची आंघोळ माझ्या सूर्यावर." आणि लबाडीचा आळ नको म्हणून गीझर काढून टाकला.

"और पानी गरम नहीं निकला तो?" माझ्या मुलीने, मुक्ताने विचारलं.

"निघेल."

"पण समजा, नाही निघालं?" हे म्हणाले. (थंडीत आमच्या ह्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो.)

दादा-वहिनी आले आणि त्याच दिवशी ग्वाल्हेरवर असं धुकं उतरलं की गच्चीचा कठडा दिसेना. पॅनेलं ठप्प. मी मात्र निर्धास्त! वाळू आधीच्या उन्हाने भरपूर तापली होती. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पिंपाभोवती काचलोकर होतीच, तिच्यावर मी घरातल्या सगळ्या रजया गुंडाळल्या. सगळ्या म्हणजे पाहुण्यांच्यासुद्धा.

इथे माझं गणित चुकलं. रजया वर गेल्यावर माणसंही त्यांच्या मागोमाग वर गेली. वहिनीचं दही लागत नव्हतं, तिने रजई उचलून पातेलं पिंपाला टेकवलं. मुक्ताची जीन्स धुक्यात वाळत नव्हती, तिने ती काचलोकरीच्या आत सारली. ह्यांनी सादळलेली तिळाची गजक कुरकुरीत करायला ठेवली. जो तो 'जरासंच' उघडत होता आणि जाताना उघडंच ठेवत होता.

"दादा कुठाय?" मी विचारलं.

"मामा तो सुबह से पिंपाला गुडघे लावून बसलेत," मुक्ता म्हणाली. "बोल रहे थे, बहुत आराम है."

आता शत्रू आपल्या पायांनी चालत येऊन आपल्या पिंपाला टेकलाय, त्याला कोण उठवणार? मी वर जाऊन त्याला आल्याचा चहा दिला.

संक्रांतीच्या सकाळी 'आधी मी बघते' म्हणून न्हाणीघरात शिरले, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरला. पाणी गच्चीवरच्या टाकीत असतं तसंच होतं. दाराबाहेर दादा खांद्यावर पंचा टाकून उभा.

"कसं आहे गं?"

"कढत," मी दात आवळून म्हणाले. "विसण घालावं लागतंय."

एवढं बोलून बसल्यावर माघार कशी घेणार? आख्खी बादली अंगावर ओतून घेतली. बाहेर आले तेव्हा ओठ निळे होते, पण चेहरा विजयी ठेवला होता. मग दादा आत गेला. एक तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग तांब्या खाली ठेवल्याचा.

"सुमे," आतून शांत आवाज आला, "विसण जरा जास्त झालंय गं."

अंग पुसून दादा तडक वर गेला आणि पिंपाभोवतीच्या रजया एकेक करून सोडल्या. आतून दही निघालं, जीन्स निघाली, गजक निघाली, आणि तळाशी त्याचा स्वतःचा गुडघ्याचा पट्टा.

दुपारी सगळे गुळपोळीला बसले. मी त्याच रजयांत गुरफटून, नाकाला रुमाल लावून. दादा घसा खाकरून म्हणाला, "पाणी गार निघालं, कारण ऊब आम्हीच संपवली. उन्हाशिवाय दही लागलं, गुडघे मोकळे झाले, ते काय कंदिलावर? तेव्हा आज सगळ्यांसमोर सांगतो—"

नेमकी तेव्हाच मला शिंक आली. एक नाही, लागोपाठ, डोळ्यांपुढे काजवे चमकवणारी माळच. शिंका थांबल्या तेव्हा सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि दादा पोळीवर तूप घेत होता.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण ना."

"उष्णता साठवता येते, सुमे," दादा म्हणाला. "वाक्य नाही."

वहिनी म्हणते, फार मनापासून म्हणाला होता.