मुक्कामी विमान

मलप्पा कंडक्टर रिटायर झाले आणि साठीत त्यांनी विमान कंपनी काढली. हसू नका, कंपनी मोबाइलमधली होती. बंगळूरला नोकरी करणारा लेक सुदर्शन दिवाळीला लातूरला आला, तेव्हा त्यानं अप्पांच्या फोनवर हा खेळ घालून दिला. दोघांची कंपनी एकच. दिल्ली-मुंबईचे मोठे मार्ग लेकाकडे, आणि लातूर-नांदेडसारखे बारके मार्ग बापाकडे.

खरं तर बापलेकांना बोलायला विषयच नव्हता. आई गेल्यावर सुदर्शन चाकूरला आत्याकडे वाढला, मग लातूरच्या क्लासमध्ये कोंबला गेला. त्या वर्षांत लातुरात पोरगं हुशार निघालं की घरच्यांना दिसायचं बंद व्हायचं. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. बाप एसटीवर, पोर ट्यूशनला. पुढं नोकरी लागल्यावरही फोनवर "जेवलास का?" "हाव" एवढ्यावर भागायचं. खेळ आल्यापासून मात्र रोज फोन येऊ लागला, आणि मलप्पा दिवसभर त्याची वाट बघू लागले.

घोडं अडलं ते लातूर-नांदेडच्या विमानावर. एवढं मोठं विमान आठ-दहा माणसं घेऊन उडायचं आणि बाकीच्या मार्गांची कमाई खाऊन टाकायचं. त्यात मलप्पा ते रोज लातूरला मुक्कामी ठेवायचे, एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते तसं. खेळात त्याचं भाडं पडायचं. सुदर्शननं समजावलं, मग तो वैतागला. मार्ग बंद करा, नाहीतर कंपनी बुडेल आणि खेळ संपेल, म्हणाला. खेळ संपला की फोनही संपणार, हे मलप्पांना कळत होतं. तरी ते हटून बसले.

"रिकामं जाऊ दे," म्हणाले, "पण बंद न्हाई."

हा हट्ट कुठला, ते लेकाला ठाऊक नव्हतं. किल्लारीच्या पलीकडे त्यांचं लहानसं गाव. लातूरची मुक्कामी गाडी रात्री येऊन मारुतीच्या पारापाशी थांबायची, पहाटे परत निघायची. कंडक्टर मलप्पाच. तेव्हा तरुण होते, आपल्या गाडीच्या उत्पन्नाचा भारी तोरा. शेवटच्या टप्प्याला गाडीत चार टाळकी उरत, ते त्यांना खुपायचं. साहेबांना त्यांनीच सांगितलं, गाडी किल्लारीतूनच फिरवा, पुढं नुसता डिझेलचा नास आहे. गावानं विनवलं, बायको गुणाबाईनंही सांगून पाहिलं. एसटी काय माझ्या बापाची आहे, म्हणून मलप्पांनी सगळ्यांना वाटेला लावलं. गाडी बंद झाली आणि त्यांना नांदेडची ड्यूटी मिळाली.

त्या साली गणपतीचं विसर्जन झालं आणि पहाटे भूकंप आला. मलप्पा नांदेडला होते. सुदर्शन आत्याकडे गेलेला, म्हणून वाचला. गुणाबाई दगडमातीखाली जागीच गेली. लेक चांगुणा मात्र शेजाऱ्यांना जिवंत सापडली. पोरीला दवाखान्यात न्यायचं तर गावात एकही गाडी नाही. बैलगाडीत घालून निघाले, ती वाटेतच गेली. पारापाशी एसटी असती तर पोर वाचली असती, असं एकजण मलप्पांच्या तोंडावर बोलला. मलप्पांनी ते आयुष्यभर गिळून ठेवलं.

आता या विमानासाठी त्यांनी डोकं लढवलं. एकट्या लातूर-नांदेडला माणसं मिळत नव्हती, तर त्यांनी ते विमान एका टोकाला हैदराबादला जोडलं आणि दुसऱ्या टोकाला मुंबईला. लातूरचा मुक्काम तसाच ठेवला. विमान भरू लागलं, आणि आठवड्यातच मार्ग नफ्यात आला.

सुदर्शन एकदम खूश. कसं जमवलं, त्यानं विचारलं. मलप्पाही फुलून आले. मार्ग तोडायचा नाही, पुढं वाढवायचा, म्हणाले. मोठ्या गावाला जोडला की मधलं बारकं गावही जगतं. सांगता सांगता ते बोलून गेले,

"आपली मुक्कामी गाडीबी पुढच्या बाजाराच्या गावापतुर न्यायला पायजे होती. भरली असती. तवा सुचलं न्हाई मला."

कुठली गाडी, सुदर्शननं विचारलं. मग मलप्पांना थांबता येईना. सगळं सांगून टाकलं.

"ताईला न्यायला गाडी नव्हती," सुदर्शन म्हणाला, "ती तुम्ही बंद केली होती?"

"हाव. म्याच."

सुदर्शननं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी विमान लातूरहून भरून निघालं, नफा आणखी वाढला. मलप्पा फोन हातात घेऊन बसून राहिले. फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.