धोंडू नाईकाचा नववा चेंडू

प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या पलटणीची एक कंपनी परळला आली. मी हवालदार होतो. काम झडतीचं. पहाटे साडेपाचला फॉल-इन, सहाला चाळी, दुपारी एकला परत. आजारी माणूस सापडला की डोलीत घालून इस्पितळात पोचवायचा. लोक शिव्या देत. आम्ही मुकाट ऐकून घेत असू, कारण आमचीही माणसं त्याच चाळींत राहत होती.

चार वाजता कप्तान साहेब बॅट घेऊन मैदानात येत. आमच्या रजा बंद होत्या, साहेबांचा खेळ चालू होता. त्यांना चेंडू टाकायला नाईक धोंडू लागे. धोंडू दापोलीकडचा, माझ्या शेजारच्या गावचा. त्याला भरतीला मीच आणला होता. त्याचा चेंडू हळू यायचा आणि टप्पा पडला की वाट बदलायचा. साहेब त्याला बेदम झोडपत. मार बसला की बाकीचे शिपाई जोरात टाकू लागत. धोंडू उलट करायचा. पुढचा चेंडू आणखी हळू, आणखी उंच. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं मी त्याला कितीदा म्हणालो.

त्याची बायको सगुणा लालबागच्या चाळीत होती. सातवा महिना चालू होता. तळमजल्यावर मेलेले उंदीर सापडू लागले, तसा धोंडूचा जीव थाऱ्यावर राहिना. तिला आगबोटीने गावी सोडून यायला चार दिवस हवे होते. अर्ज दोनदा परत आला. मग एका संध्याकाळी मैदानातच तो साहेबांपुढे अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"दस बॉल," साहेब हसून म्हणाले. "हमको आउट करो, चार दिन छुट्टी."

साहेब शब्दाचे पक्के होते, हे मी सांगितलंच पाहिजे.

मी मिड-ऑनला होतो. पहिले सहाही चेंडू झाडांपलीकडे गेले. मी त्याच्याजवळ गेलो.

"धोंड्या, जोरात टाक. निदान मार तरी चुकेल."

"मार चुकवून काय करू, दादा? तो हावरा झालाय. होऊ दे."

सातवा कौलांवर पडला. आठवा त्याहून लांब. नववा त्याने इतका उंच सोडला की साहेब दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी सगळा जोर लावून बॅट फिरवली. चेंडू सरळ आभाळात गेला. मी धावलो. नजर चेंडूवर, हात तयार.

"हवालदार! हॉल्ट!"

पंधरा वर्षांची कवायत. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले. चेंडू माझ्यापुढे दोन पावलांवर पडला.

साहेब पोट धरून हसले. "शाबास, हवालदार! गुड सोल्जर!"

मी सॅल्यूट ठोकला. त्या सॅल्यूटची मला आजही किळस येते.

दहावा चेंडूही धोंडूने तितकाच हळू टाकला. साहेबांनी तो नुसता अडवला आणि बॅट काखेत मारून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्या चाळीची झडती माझ्याच तुकडीकडे आली. सगुणाच्या अंगात ताप होता, काखेत गाठ होती. डोलीच्या पुढच्या दांडीला धोंडू लागला, मागच्या दांडीला मी. तिसऱ्या दिवशी ती पोटातल्या पोरासकट गेली. तोवर त्यालाही ताप भरला होता.

शेवटच्या दुपारी मी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"धोंड्या, मी थांबायला नको होतं."

"लांब होता, दादा," तो म्हणाला. "कुणाच्याच हाती लागला नसता."

साडेचारला तो गेला. लांब नव्हता. टाकणारा तो होता, चेंडू कुठे पडला ते त्याने माझ्याइतकंच नीट पाहिलं होतं.