हार कुलपावर घाला

तुमच्या कंपनीत मशीन साफ करताना कोणी ती चुकून चालू करू नये म्हणून मेन स्विचला कुलूप लावतात का? लावत असतील तर त्याची किल्ली कोणाच्या खिशात असते? माहीत नसेल तर आधी विचारून या. मग वाचा.

बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होते. रबर लाटायच्या मशीनची देखभाल त्यांच्याकडे. ते घरी आणायचे त्या कामगारांच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि पुढची बाजू वाचून भांडायला शिकले.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. मीही गेलेले. बाबा दोन रोलरांमध्ये चिकटलेलं रबर खरवडत होते. स्विचला त्यांचं कुलूप होतं. सुपरवायझर झेंडूचा हार घेऊन आले.

"काय काका, आज पण कुलूप? देवाला कोंडून ठेवता काय?"

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी किल्ली काढून दिली. कुलूप निघालं, त्याच जागी हार लागला.

नारळ फुटला. मग मुहूर्ताला मशीन जरा फिरवायची, अशी तिथली पद्धत. बाबा पलीकडच्या बाजूने रोलरला कुंकू लावत होते. शेजारच्या मशीनवरचे काका, बाबांच्या गावचेच, उत्साहात ओरडले, "चला रे, करा चालू!" आणि त्यांनीच हिरवं बटण दाबलं.

बाबांच्या उजव्या हाताची बोटं गेली.

हॉस्पिटलात कंपनीचे साहेब आले. हात जोडून म्हणाले, "ताई, हे पूजेत झालं. कामात नाही. कंपनी काय करणार?"

एवढी पत्रकं मला तोंडपाठ, पण मी साहेबांना दारापर्यंत सोडून आले. बटण दाबणारे काका बाहेर जिन्यात बसलेले, आत यायची हिंमत नव्हती त्यांची. बाबा मला म्हणाले, "अगं, त्याला चहा तरी पाज. सकाळपासून उपाशी असेल तो."

मी चहा आणायला गेले. दुसरं काय करणार होते?

आता बाबा डाव्या हाताने शर्टाची बटणं लावतात. मी पुढे झाले की "राहू दे" म्हणतात. मग मी नुसती बघत उभी राहते.

यंदाही खंडेनवमी येईल. एवढं करा. कुलूप काढू नका, हार कुलपावरच घाला. ज्याचे हात मशीनमध्ये आहेत, किल्ली त्याच्याच खिशात राहू द्या. आणि कोणी त्याला हसलं, तर तुम्ही हसू नका.