उलट्या ठेक्याची वरात

आम्ही जुने मित्र भेटलो की बँडचे किस्से निघतातच. बँड जेमतेम तीन वर्षं टिकला, किस्से मात्र अजून संपत नाहीत. दर भेटीत त्यांत थोडी भर पडते आणि ती भर मीच घालतो, असा शिरीषचा आरोप आहे. असू दे.

आमचा चौघांचा बँड स्का वाजवायचा. स्का म्हणजे जमैकातलं नाचायचं संगीत. ऐंशीच्या आसपास इंग्लंडमधल्या पोरांनी ते पुन्हा उकरून काढलं आणि शिरीषच्या लंडनच्या मावसभावाने त्याची एक कॅसेट अंबरनाथला पाठवली. झालं! जे अंबरनाथमध्ये कधी जन्मलंच नव्हतं, त्याचं पुनरुज्जीवन करायची जबाबदारी आमच्या डोक्यावर आली.

* * *

शिरीषचे वडील केमिकल फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलचे ऑफिसर. स्काची गंमत अशी की पाय जमिनीवर पडतो तेव्हा गिटार गप्प असते आणि पाय वर उचलला की वाजते. काकांनी कॅसेट दोन मिनिटं ऐकली आणि टेपरेकॉर्डर उघडला. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "शिरीष, प्रत्येक पहिला ठोका खराब आहे. हा माल परत पाठव!"

* * *

स्काला ट्रम्पेट लागतं. आमच्याकडे गिटार वाजवणारे ढीगभर, पण ट्रम्पेट फक्त लग्नाच्या बँडवाल्यांकडे. म्हणून आम्ही उल्हासनगरच्या गायकवाडकाकांना गाठलं. वीस वर्षं वराती आणि जयंतीच्या मिरवणुका गाजवलेला माणूस. त्यांनी डोळे मिटून कॅसेट ऐकली आणि म्हणाले, "हे तर आपलंच आहे की! फक्त घोडी मागं चालतीये."

अर्ध्या तासात त्यांनी सगळी गाणी उचलली. आम्हाला त्यासाठी सहा महिने लागले होते.

अडचण एकच. काकांना एका जागी उभं राहून वाजवता येत नव्हतं. वीस वर्षं चालत वाजवलेलं, त्यामुळे पाय थांबले की सूरही थांबायचा! प्रॅक्टिस लछमनभाई या सिंधी व्यापाऱ्याच्या कापडाच्या गोडाऊनमध्ये चालायची. काका वाजवत वाजवत गठ्ठ्यांना फेऱ्या घालायचे. लछमनभाई गल्ल्यावरून ओरडायचे, "साईं, घूमो, खुशी से घूमो! बस माल पे पाँव मत रखो!"

* * *

कॅसेटच्या कव्हरवरची पोरं काळ्या-पांढऱ्या चौकटींत होती. शिरीष म्हणाला, आपणही तसेच दिसलो पाहिजे. लछमनभाईंनी तसलं कापड काढून दिलं, जाकिटं शिवली, आणि आम्ही वांगणीच्या एका फार्महाउसवर बारशाला वाजवायला गेलो. पोचलो तर सगळ्या टेबलांवर तेच कापड अंथरलेलं!

पाहुण्यांनी आम्हाला बघितलं आणि पाणी मागितलं. मी नाही म्हणालो. आमचा ड्रमर मोहन मात्र भिडस्त. त्याने पाणी दिलं, मग भजी दिली, मग जिलबी वाढली. ड्रमरशिवाय आम्ही काय वाजवणार? शेवटी शिरीष त्याला शोधत पंगतीत गेला, तर मोहन म्हणाला, "थांब रे, इथे लोक अजून मागतायत!"

* * *

बदलापूरच्या गणपतीत काका पहिल्याच गाण्याला स्टेजच्या पायऱ्या उतरून चालते झाले. ट्रम्पेटचा आवाज गल्लीत शिरून पुढे मारुतीच्या देवळाकडे गेला. तेव्हापासून आम्ही स्टेजवर खडूने वर्तुळ काढायचो आणि काका त्यातच गोल गोल चालायचे.

त्याच कार्यक्रमात तीन गाणी झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष अदबीने पुढे आले. "ट्यूनिंग झालं असेल तर सुरू करायचं का?"

आम्हाला हसू आलं, शिरीषला मात्र ते फार लागलं. त्याला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, लोकांनी आमच्या स्कावर नाचावं. इकडे वडिलांनी बजावलं होतं की पुढच्या कार्यक्रमातही कोणी हललं नाही, तर गिटार माळ्यावर आणि शिरीष फॅक्टरीत.

* * *

तो पुढचा कार्यक्रम म्हणजे गायकवाडकाकांच्या मुलीचं, संगीताचं लग्न. बौद्ध पद्धतीचं लग्न, कुळगावच्या मैदानात मंडप, सकाळी अकराची वेळ. काकांच्या बँडला त्या दिवशी दुसरी सुपारी होती. काका आम्हाला म्हणाले, "तुम्हीच वाजवा. पण मी आज फुंकणार नाही. जल्मभर दुसऱ्यांच्या पोरींना वाजत नेलं, आज मी बाप म्हणून उभा राहणार."

त्यांनी नवा सफारी घातला होता आणि हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

आम्ही चार गाणी वाजवली. सवयीने खडूचं वर्तुळही काढलं होतं, ते रिकामंच. शे-दीडशे माणसं खुर्च्यांवर बसून आमच्याकडे बघत होती. शिरीषचे वडील पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. शिरीषचा चेहरा मला बघवेना.

पाचव्या गाण्याला पांढऱ्या साडीतली संगीता उठली आणि काकांच्या हातात ट्रम्पेट दिलं. "बाबा, एकच."

काका वर्तुळात उभे राहिले. पहिला सूर लागला आणि त्यांनी वर्तुळ ओलांडलं. पायऱ्या उतरले, मंडपातून बाहेर पडले. मागे संगीता नाचत निघाली, तिच्या मागे नवरदेव, मग वऱ्हाडी, म्हाताऱ्या, आचारी, सगळे! पाय वर उचलला की ठोका, अगदी बरोब्बर! शिरीषचे वडीलसुद्धा हात वर करून नाचत गेले.

आमच्या गिटारी अँप्लिफायरच्या वायरीला बांधलेल्या, जाणार कुठे? ट्रम्पेट लांब लांब जात ऐकू येईनासं झालं. मंडपात उरलो आम्ही चौघं, रिकाम्या खुर्च्या आणि लग्न लावायला आलेले भन्तेजी.

"नाचले रे!" शिरीष रडत होता. "एकही दिसत नाहीये, पण नाचले!" आणि त्याने गिटार खाली ठेवली.

भन्तेजी शांतपणे म्हणाले, "वाजवत राहा, बाळांनो. तुम्ही थांबलात, तर त्यांना परत कुठे यायचं ते कळायचं नाही."