आयच्या हक्काची खाट

"ह्या बाईला आधी बाहेर न्या. बाकीच्यांना मासळीचा वास सहन होत नाही."

काउंटरमागच्या साहेबानं हे माझ्याकडं बघून म्हटलंसुद्धा नाही. वॉचमनला सांगितलं. ही बाई म्हणजे माझी आय. स्ट्रेचरवर होती. सकाळी थळच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना छातीला हात लावून खाली बसली. तशीच टेम्पोत घातली. लुगड्याला खवले चिकटलेले. अशा वेळी कपडे कोण बदलतं?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला तपासून सांगितलं होतं, हार्टचं आहे, इथं सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या. अॅम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली. मग त्याच टेम्पोनं इथं आणली. दारात देवाची मूर्ती. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'धर्मादाय'.

"आधी डिपॉझिट," साहेब म्हणाला.

मी म्हटलं, "आधी तिला बघा तरी. भाऊ बोटीवर हाय. तो येईल तवर मी कुटं पळून जाते काय?"

तो हसला. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला, "टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकटचं तुम्ही खायचं. ही काय धर्मशाळा आहे?"

रांगेतल्या एकानं नाकाला रुमाल लावला. मी मान खाली घातली. बाजारात भल्याभल्यांशी भांडणारी मी. पदरानं आयच्या लुगड्यावरचे खवले पुसायला लागले.

आयनं ऐकलं होतं. तिनं माझा हात ओढला. "चल गो बाय. मना बरा वाटतंय आता."

खोटं बोलली. ओठ काळेनिळे पडले होते तिचे. पण चारचौघांत माझी झालेली शोभा तिला बघवेना. मरताना माणूस मदत मागतं. माझी आय मला वाचवत होती.

वॉचमननं स्ट्रेचर पोर्चमध्ये नेलं. टेम्पोवाला गाडी वळवून आणेपर्यंत, माझा हात धरूनच, ती गेली. आत डॉक्टर होते. मशिनी होत्या. मधे फक्त काचेचं एक दार.

बाराव्यानंतर मी परत अलिबागच्या बाजारात बसले. माझ्याकडून नेहमी मासळी घेणारी एक वकीलबाई आहे. इतके दिवस कुठं होतीस, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"अगं, तुझ्या आईची खाट होती तिथं," ती म्हणाली. "अशा हॉस्पिटलांना सरकार टॅक्स माफ करतं. त्या बदल्यात गरिबांसाठी खाटा राखून ठेवायच्या. कोर्टानंच सांगितलंय. आणि जीव धोक्यात असेल तर आधी डिपॉझिट मागायचंच नाही."

भर बाजारात मी मोठ्यानं रडले. आय गेली तेव्हा अशी रडले नव्हते. साबणापासून चपलेपर्यंत जे विकत घेतो त्यावर कर भरणारे आम्ही. टॅक्स माफ त्यांना. आणि फुकटे कोण, तर आम्ही! पण सगळ्यात जास्त जळलं ते वेगळंच. त्या दिवशी साहेब बोलला ते मला खरं वाटलं होतं. मला खरंच वाटलं होतं, आपण भीक मागतोय.

वकीलबाईनं मदत केली. मी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत तक्रार दिली. चौकशी लागली, तसा तोच साहेब आमच्या घरी आला. आता मला 'ताई' म्हणत होता.

"झालं ते वाईट झालं. तक्रार मागे घ्या. यापुढं तुमच्या घरातल्या सगळ्यांचे उपचार आमच्याकडे. शब्द देतो."

भाऊ मला मागच्या दारी घेऊन गेला. "घे ना मागं. आय काय परत येनार हाय? उद्या माझ्या पोरांना काय झालं, तर त्यांच्याच दारात जायचंय."

त्याचं काळीज मला कळत होतं. तरी मी बाहेर येऊन साहेबाला विचारलं, "आणि माझ्या शेजारनीला काय झालं, तर? ती पोर्चमध्येच?"

तो उठून चपला शोधायला लागला.

"मग न्हाय घेत मागं," मी म्हटलं.

तेव्हापासून भाऊ माझ्याशी धड बोलत नाही. तारखा पडतात, पुढं जातात. त्यांचा वकील मोठा आहे. निकाल कसाही लागला तरी आय येणार नाही. मागच्या तारखेला त्या वकिलानं वैतागून विचारलं, "तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

मी सांगितलं, "त्या खाटेवर माझ्या आयचा हक्क होता. हे तुमच्या साहेबानं सगळ्यांसमोर म्हनायचं. तो म्हनेपर्यंत मी येत राहनार."