मामांची पाळीव कोळंबी

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर कुठल्याही पाण्यावर विश्वास ठेवलेला नाही. विहिरीच्या नाही, नळाच्या नाही, टँकरच्या तर नाहीच नाही. कारखान्यात बॉयलरला जाणारं पाणी तपासण्यात त्यांची नोकरी संपली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. पाण्यातले क्षार मोजायची पेनाएवढी काडी अजून त्यांच्या खिशात असते. तळा गावी नात्यातल्या एका लग्नात वधूच्या वडिलांनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला, तर मामांनी त्यांच्यादेखत त्यात काडी बुडवली, आकडा वाचला आणि "ऱ्हाऊ दे, मना तहान न्हाय," म्हणून ग्लास परत केला. पुढे ती सोयरीक टिकली ती मामींच्या गोड जिभेमुळे.

अशा माणसाला निवृत्तीनंतर समुद्री माशांची आणि प्रवाळाची टाकी पाळायचा नाद लागला. नागावला त्यांच्या वाडीमागे अख्खा समुद्र फुकट पडलाय. मामा मात्र आधी साधं पाणी गाळून गाळून त्यातला क्षार न् क्षार काढतात आणि मग पाकिटातलं खास मीठ घालून घरच्या घरी समुद्र बनवतात. हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं मी एकदा विचारलं. मामांनी किनाऱ्याकडे असं पाहिलं, जणू तिथे एखादा भुरटा चोर उभा आहे. "त्यो? जावईबापू, त्याच्यान दिवसभर स्पीडबोटी धावतात, वर पर्यटक डुंबतात. त्याचा भरवसा कोन देनार?"

विकतच्या यंत्रांवरही भरवसा नसल्यामुळे सगळी हत्यारं घरचीच. नळाच्या जाड पाइपाचा एक तुकडा उभा करून त्यात त्यांनी खालून हवा सोडली आहे. टाकीतला मळ फेस होऊन वर चढतो आणि लोणच्याच्या बरणीत पडतो. वाडीतल्या करवंट्या जाळून केलेला कोळसा सतरा वेळा धुऊन मामींच्या जुन्या परकराच्या पिशवीत भरलेला असतो. "परकर सुती हाय, नायलॉनचा काय नेम न्हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, आणि तेवढ्या वेळात मामी आत निघून जातात.

हा सगळा खटाटोप मुख्यतः एका कोळंबीसाठी होता. अंगावर लालपांढरे पट्टे, लांब पांढऱ्या मिशा, लांबी बोटाएवढी. माशांच्या अंगावरची घाण खाऊन त्यांना साफ करणं हा तिचा धंदा. मामांनी पाण्यात हात घातला की ती बोटांवर चढून त्यांची नखं कोरायला लागे. त्या वेळी मामांचा चेहरा बघावा. "पारखून घ्यायची अक्कल हिलाच," ते म्हणत. त्यांनी कोळंबी खाणं सोडलं. दारावर मासळी आणणारी कोळीण टाकीत डोकावून म्हणायची, "दादा, कालवनाला तरी पुरंल काय ही?" मग मामा दिवसभर तिच्यावर नजर ठेवून असायचे.

मध्यंतरी मामा वाडीत घसरले आणि कंबर धरून आतल्या खोलीत पडले. बायको आणि मी जाऊन राहिलो. कमरेला बाम चोळायचं काम माझ्याकडे आलं. टाकी बाहेर पडवीत. तिच्यातलं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं शुद्ध पाणी रोज वरून घालावं लागतं. ते काम त्यांनी फक्त मामींना दिलं. "तू घाल. दुसऱ्या कोनाचा हात लागू दिव नको."

आणि कोळंबी खंगू लागली. खायला येईना, मग एका कुशीवर पडली. मामांनी पलंगावरून तपास सुरू केला: कोळीण, वायरमन, शेजारची उदबत्ती, मिठाचं पाकीट. कॅनमध्ये साठवलेल्या शुद्ध पाण्याचा काडीवरचा आकडा मात्र ठीक होता. शेवटी एका दुपारी, मी बाम चोळत असतानाच उठून, ते माझ्या खांद्याला धरून पडवीत आले. समोर मामी देवघराजवळची तांब्याची कळशी टाकीत हलकेच ओतत होत्या.

"प्लास्टिकच्या कॅनमदलं पानी कसं सोसंल तिला?" त्या म्हणाल्या. "म्हनून रातभर कळशीत ठेवतंय. तांब्यावानी शुद्ध काय हाय?"

मामांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. माणसाला गुणकारी म्हणतात ते तांबं कोळंबीच्या जातीला विष, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तोपर्यंत कोळंबी हलायची थांबली होती. मामींच्या ते लक्षात आलं. कळशी खाली ठेवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"अवो, माज्याकडून तर काय चुकलं न्हाय ना?"

मामांनी माझा खांदा सोडून टाकीचा काठ धरला. "तुज्याकडून? छे गो," ते म्हणाले. "ह्ये जावईबापूंचं काम. बामाचं हात काचेला लावत फिरतान. आनि ती कळशी आता उचलू नको. जड हाय. माजी कंबर गेली, तुजी तरी ऱ्हाऊ दे."

मी गुन्हेगारासारखे बामाचे हात पाठीमागे घेतले. मला त्यांचा राग आला नाही.

आता टाकीत नवं पाणी आणि नवी कोळंबी आहे. मामी मला चहा देतात तो टाकीपासून चार हात लांब बसवून, आणि आधी माझे हात हुंगून. मामांची कंबर कधीच बरी झाली, पण टाकीत रोजचं पाणी घालायचं काम त्यांनी परत घेतलेलं नाही. कळशीऐवजी कॅनमधून का होईना, ते अजून मामींकडेच आहे.